रविवारी चांगला वाजणारा हेडफोन

काका, नमस्कार.

मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते, वय २४. गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमचं टेबल फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या, शेडला लागूनच. येता-जाता कंपनीची बस. कॉलेजात असताना टेक्नो आणि ड्रम अँड बास या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताचा नाद लागला, तो सुटलेला नाही. सध्या ब्लूटूथचे बड्स आहेत, ‘एक्स्ट्रा बास’वाले. त्यात बास आहे, पण सगळा गोळा होऊन येतो. महाद्वार रोडला मिरवणुकीत डॉल्बीसमोर छातीत जे धडधडतं ते कधीच मिळत नाही. आवाज वाढवला की थोडं बरं वाटतं. चमत्कारिक म्हणजे रविवारी हेच बड्स चांगले वाजतात आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी तीच गाणी फिकी लागतात, हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. बड्स खराब होत चाललेत का? ७ हजार बाजूला काढलेत. मोठे, कान झाकणारे हेडफोन घ्यायचं मनात आहे. मला चष्मा आहे. पुढे स्वतः ट्रॅक बनवायचेत, लॅपटॉपवर थोडं सुरू केलंय. आजी माझ्याच खोलीत झोपते. ती पूर्वी देवल क्लबात गाणं ऐकायला जायची. ती म्हणते, “ह्याला काय सूर हाय व्हय? कान फुटतील एक दिवस.” काय घेऊ?

— नाद लागलेली

पोरी,

तुझ्या पत्रात हेडफोनबद्दल बरंच आहे, पण मी अडकलो ते रविवारच्या वाक्यापाशी. बड्स खराब होत असते तर ते रविवारीही खराबच वाजले असते. सोमवार ते शनिवार बिघडायचं आणि रविवारी दुरुस्त व्हायचं, हे यंत्राला जमत नाही. कानाला जमतं. तुझे बड्स ठीक आहेत, संध्याकाळी तुझे कान दमलेले असतात.

फेटलिंगमध्ये ग्राइंडर चालू असताना आवाज ९० डेसिबलच्या वर जाणं नेहमीचं. अशा आवाजात दिवस काढला की आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी थकतात आणि काही तासांसाठी ऐकू येण्याची पातळीच खाली जाते. ती सगळीकडे सारखी जात नाही. सगळ्यात आधी मार बसतो तो साधारण ३ ते ६ हजार हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुरांच्या, पट्ट्याला. माणसाचं बोलणं त्यातून बऱ्यापैकी निभावतं, म्हणून घरी आल्यावर आपल्याला काही झालंय असं वाटत नाही. पण हाय-हॅटची चकाकी, टाळीचा कडकपणा आणि किकच्या (ड्रमच्या जाड ठोक्याच्या) सुरुवातीची ती टोकदार ‘टक्’ नेमकी याच भागात आणि याच्या वर असते. रात्रभराच्या शांततेनंतर कान बराचसा सावरतो, रविवारी दिवसभराची सुट्टी मिळाली की आणखी सावरतो, आणि तुझी गाणी परत उजळतात.

मी २५ वर्षं साउंड लावला. लग्नं, नाटकं, व्याख्यानं, मिरवणुका. पहिली दहा वर्षं कानात काही न घालता स्पीकरच्या भिंतीजवळ उभा राहायचो. रात्री घरी आल्यावर कान बधिर वाटायचे, सकाळी ठीक व्हायचे, म्हणून कधी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी ते पूर्ण ठीक झाले नाहीत. माझ्या डाव्या कानात आजही बारीक शिट्टी वाजते. दिवसा लक्षात येत नाही, रात्री पंखा बंद केला की येते. ज्या गोष्टीवर आयुष्यभर प्रेम केलं ती ऐकताना एका बाजूला ती शिट्टी कायम सोबत असते. तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचून मला माझी ती पहिली दहा वर्षं आठवली, म्हणून हेडफोनच्या आधी हे सांगतोय.

तेव्हा ७ हजारांतले पहिले पैसे कानाच्या डॉक्टरांकडे. ऑडिओमेट्री म्हणून तपासणी असते, अर्ध्या तासाच्या आत होते. ती सोमवारी सकाळी, कामावर जायच्या आधी करून घे. आवाजापासून निदान १४ तास लांब राहिल्यावर केलेली तपासणीच खरी पातळी दाखवते, शनिवारी शिफ्ट सुटल्यावर केलीस तर दमलेल्या कानाचं चित्र येईल. कंपनीत वर्षाला तपासणी होत असेल तर तिचे जुने कागद मागून घे आणि डॉक्टरांना दाखव. कामावर कानात घालायचे प्लग मिळत असतील तर ते नीट बसतात का बघ. फोमचा प्लग आधी बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. अर्धवट खोचलेला प्लग बाहेरून दिसायला तसाच दिसतो आणि काम जवळजवळ काहीच करत नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: कारखान्यात प्लगच्या जागी बड्स घालून गाणी लावायची नाहीत. ग्राइंडरवर मात करण्याएवढा आवाज लावलास तर कानावर दोन्हींचा भार पडेल.

आता हिशेब मांडू. ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला घालून दिलेली मर्यादा म्हणजे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास, तेही पूर्ण आठवड्याचे मिळून. बसच्या घरघरीवर मात करायला माणूस सहज ९० पर्यंत जातो. रोज येऊन-जाऊन दीड तास बसमध्ये ऐकलंस तर सहा दिवसांचे ९ तास होतात. फेटलिंगचा आवाज यात अजून धरलेलाच नाही.

म्हणून तुझ्यासाठी माझी एकच कसोटी आहे. कमी आवाजातही ज्याचा बास पुरेसा आणि सुटा ऐकू येतो, तो तुझा हेडफोन. बाकी सगळं, ब्रँड, आकार, वायर की बिनवायर, यातूनच ठरवायचं.

ही कसोटी वाटते तेवढी सोपी नाही. आवाज कमी केला की आपल्या कानाला बास इतर सुरांपेक्षा जास्त कमी झालेला वाटतो. १९३३ मध्ये बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे मोजून दाखवलं होतं. आवाज चढवला की तुला ‘थोडं बरं’ वाटतं त्याचं मुख्य कारण हेच. तुझ्या मनाला हवा असतो बास, आणि बोट जातं पूर्ण आवाजाकडे.

आता डॉल्बी. अनंत चतुर्दशीच्या रात्री छातीत जे धडधडतं ते साधारण ४० ते ६० हर्ट्झचं असतं, आणि ते कानापेक्षा अंगाने जास्त ऐकलं जातं. बरगड्या, पोट, पायाखालचा रस्ता, सगळं हलतं. हेडफोन हवा हलवतो ती कानाच्या पोकळीतली, चमचाभर. त्याने छाती हलणार नाही, कितीही महाग घेतलास तरी, कितीही मोठा लावलास तरी. ही अपेक्षा सोडलीस तर हेडफोन तुला असं काही देईल जे डॉल्बीसमोर कधी मिळणार नाही: बासचा आकार. किक कुठे सुरू झाली, कुठे संपली, तिच्या पोटाखालून बासलाइन कशी सरकली, दोघींच्या मध्ये किती मोकळी जागा आहे. टेक्नो बनवणारा माणूस दिवसचे दिवस याच गोष्टींवर घालवतो. मिरवणुकीच्या गर्दीत हे सगळं एकमेकांत मिसळून जातं.

तुझ्या बड्समध्येही ते मिसळतंय. त्याचं कारण असं की ‘एक्स्ट्रा बास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बड्समध्ये खरा खोल बास उचललेला नसतो, १०० ते २५० हर्ट्झचा वरचा बास उचललेला असतो. दुकानात दहा सेकंद ऐकलं की तो लगेच छाप पाडतो. पण किकचं अंग असतं ५०-६० हर्ट्झच्या आसपास आणि वरच्या भागात असतात बासलाइनचे उपसूर, पॅडचा (मागे लांब पसरलेल्या सुरांचा) खालचा भाग, माणसाच्या आवाजाचं तळ. तो पट्टा फुगवला की सगळ्यांवर एकच जाड गोधडी पडते. तुझा तो ‘गोळा’ म्हणजे ही गोधडी. त्यात दमलेल्या कानातून किकची ‘टक्’ गेलेली, मग किक कुठे सुरू झाली हेच कळत नाही. खासबागच्या मैदानात कुस्तीला हलगी वाजते तेव्हा काडीचा कडकडाट काढून टाक आणि फक्त कातड्याची घुमणारी थाप शिल्लक ठेव, काय उरेल? तसंच.

इथे इलेक्ट्रॉनिक संगीताची एक अडचण आहे आणि ती मला फार आवडते. सतारीचा हेडफोन चांगला की वाईट हे ठरवायला आपल्याकडे खरी सतार असते. सिंथेसायझरच्या सुराला असं मूळ नसतं. तो पहिल्यांदा हवेत येतो तोच कुठल्यातरी स्पीकरमधून. १९८० मध्ये रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन आलं, १९८३ मध्ये ९०९, आणि आज तू ऐकतेस त्यातल्या कितीतरी किक या दोन पेट्यांच्या लेकी-नाती आहेत. पण ‘खरी’ ८०८ची किक कशी वाजते याचं उत्तर स्पीकर बदलला की बदलतं. मग प्रामाणिक हेडफोन कोणता? माझ्या मते, बनवणाऱ्याने स्टुडिओत चांगल्या स्पीकरवर जे ऐकून पसंत केलं त्याच्या जवळ नेणारा. गेल्या दशकात हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी खूप लोकांना हेडफोन ऐकवून पाहिले, त्यातही लोकांचा कौल साधारण इकडेच पडला: चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा, खालचा बास थोडासा उचललेला, बाकी सपाट. आज बरेच उत्पादक या वळणाच्या आसपास हेडफोन जुळवतात. परीक्षणांत ‘हरमन’ शब्द दिसला की हे समजायचं.

आता चष्मा. तुझ्या पत्रातला हा सगळ्यात उपयोगी शब्द आहे आणि तू तो जाता जाता लिहिलास.

हेडफोनचा खोल बास ड्रायव्हरच्या (आतल्या छोट्या स्पीकरच्या) आकारापेक्षा जास्त अवलंबून असतो तो हवाबंदपणावर. कप आणि डोकं यांच्यात फट राहिली की सगळ्यात आधी ५० हर्ट्झच्या खालचं पळून जातं. वरचे सूर फारसे हलत नाहीत, त्यामुळे फट आहे हे कळतही नाही, फक्त हेडफोन ‘पातळ’ वाटतो. चष्म्याची काडी कानाच्या वर नेमकी अशी फट पाडते. जाड वेणी किंवा कुशनखाली आलेले केस दुसरी पाडतात. मी कितीतरी लोकांना चांगला हेडफोन विकून टाकताना पाहिलं आहे, दोष चष्म्याच्या काडीचा होता. मैत्रिणीचा वगैरे मोठा हेडफोन मिळाला तर एक प्रयोग कर. ओळखीचं गाणं लाव आणि दोन्ही तळव्यांनी कप हळूच डोक्याकडे दाब. बास एकदम भरला तर फट होती. मग चष्मा काढून पुन्हा ऐक.

म्हणून तू विचारतेस त्याच्या उलट सांगतो. मोठा हेडफोन आत्ता घेऊ नकोस. वायरवाले इन-इअर घे, कानाच्या भोकात नीट बसणारे. चष्म्याचा त्यांच्याशी संबंध येत नाही. टिप बरोबर बसली तर साध्या एका ड्रायव्हरचं इन-इअरही २०-३० हर्ट्झपर्यंत खाली उतरतं, तेवढं करायला मोठ्या हेडफोनला पुष्कळ खर्च येतो. बाहेरचा आवाज ते आपोआप अडवतात, म्हणून बसमध्ये आवाज चढवावा लागत नाही. आणि आजीपर्यंत काही पोहोचत नाही. तुझ्या चारही अडचणींना ही एकच वस्तू पुरते.

नावं सांगतो. मूनड्रॉपचा चू २ स्वस्तातला आहे, सुटी करता येणारी वायर आहे, आणि बास मापात आहे. टेक्नोसाठी मी ट्रूथिअरचा झीरो रेड जास्त पसंत करीन. त्यात दोन डायनॅमिक ड्रायव्हर आहेत, खालचा बास वरच्या बासला न फुगवता उचललेला आहे, आणि सोबत १० ओहमचा एक छोटा अडॅप्टर येतो. तो मध्ये लावला की अगदी खालचा भाग आणखी वर येतो. कमी आवाजात ऐकणाऱ्यासाठी हे सोयीचं आहे. त्याची अडचण एकच, कानात जाणारी नळी जाड आहे. कान लहान असतील तर तासाभरात दुखतं. तसं असेल तर चू २ घे आणि मी खाली सांगतो तसा इक्वलायझर (सुरांचे पट्टे वर-खाली करायची सोय) लाव, फार काही गमावणार नाहीस. फोनला ३.५ चा जॅक नसेल तर छोटा टाइप-सी डॅक (फोनच्या डिजिटल गाण्याचा वायरसाठी आवाज करणारा जोड) लागेल, हजाराच्या आत-बाहेर. भारी ॲम्प्लिफायरची काही गरज नाही, असले इन-इअर फोनवर सहज चालतात.

टिपकडे मात्र कंजुषी करू नकोस. डब्यात तीन मापं येतात आणि नव्वद टक्के लोक मधलं लावून मोकळे होतात. दोन्ही कानांचं माप वेगळं असू शकतं, माझं आहे. घालताना प्लगसारखंच कान वर-मागे ओढ, टिप आत टेकव, मग कान सोड. नीट बसली की तुझं स्वतःचं बोलणं तुला डोक्याच्या आतून घुमल्यासारखं येईल. तसं झालं नाही तर माप बदल. मिळाल्या तर फोमच्या टिप आणून बघ, बाहेरचा आवाज त्या जास्त अडवतात, मात्र वरचे सूर किंचित मऊ करतात. पावसाळ्यात टिप काढून पुसत जा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये काहीही दमट राहिलं की बुरशी धरते, आणि कानात बुरशी ही साधी गोष्ट नाही.

इक्वलायझर असा. बास उचलायचा तर ‘लो शेल्फ’ नावाचं फिल्टर घे, १०० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल वर. त्याच वेळी ‘प्रीॲम्प’, म्हणजे पूर्ण आवाजाची पातळी, ४ डेसिबल खाली आण, नाहीतर मोठ्या किकवर आवाज फाटतो. फोनमधलं तयार ‘बास बूस्ट’ बटण वापरू नकोस, ते बहुतेक वेळा तीच गोधडी पांघरतं. हे करून पूर्ण आवाज नेहमीपेक्षा दोन-तीन पायऱ्या खाली आण आणि आठवडाभर तसंच ऐक. पहिले दोन दिवस कमी वाटेल. मग कानाला सवय होते.

आवाज कुठे ठेवायचा याची माझी पद्धत. रात्री, घर शांत असताना, जेवढ्यात गाणं मजेत ऐकू येतं तेवढा आवाज लाव आणि फोनवरची पायरी लक्षात ठेव. बसमध्ये तीच पायरी. वाढवावीशी वाटली तर आधी टिप तपास. आणि शिफ्ट सुटल्यावरचा पहिला प्रवास कानांना सुट्टी दे. टिप लावून बस, गाणं न लावता. परतीच्या रस्त्यावर त्या दमलेल्या कानांनी तू निम्मंच ऐकतेस, तेवढ्यासाठी उद्याचं कशाला खर्च करायचं? सकाळी जाताना ऐक. सकाळी हाय-हॅट भेटतील.

ब्लूटूथवर माझा राग नाही. ऐकायला चालतं. तुझ्या बाबतीत वायर म्हणतोय ते पैशासाठी, त्याच किमतीत वायरवाल्यात निम्मे पैसे बॅटरी आणि चिपवर जात नाहीत, आणि ट्रॅक बनवण्यासाठी. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) ट्रॅकमध्ये सोळावा भाग, म्हणजे एका ठोक्याचा पाव, किती वेळाचा असतो काढून बघ: ६०,००० भागिले १२८, भागिले ४, म्हणजे ११७ मिलिसेकंद. तू पॅडवर बोट मारशील आणि किक एका घरानंतर ऐकू येईल. त्यावर ताल बसवता येत नाही.

मोठा हेडफोन पुढे, ट्रॅक बनवायला खरंच बसशील तेव्हा. तेव्हा त्यात चारच गोष्टी बघ: कान पूर्ण झाकणारा असावा, मागून बंद असावा, कुशन मखमली आणि बदलता येणारं असावं, ओहम (विजेला होणारा रोध) ८० च्या वर नसावेत. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८० ओहमवाला या सगळ्यात बसतो. त्याची कुशन मऊ आहेत, चष्म्याच्या काडीला त्यातल्या त्यात सामावून घेतात, एप्रिल-मेच्या उकाड्यात रेक्झिनसारखी चिकटत नाहीत, आणि सुटी मिळतात. पैसे जास्त लागतील, म्हणून थांब आणि साठव. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स लोक सुचवतील. वाजतो चांगला, पण त्याचं रेक्झिनचं कुशन काडीपाशी फट सोडतं आणि आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत सोलवटतं. सेनहायझरचा एचडी २५, डीजे लोकांचा, १९८८ पासून चालत आलेला आणि जेमतेम १४० ग्रॅमचा. मला तो मनापासून आवडतो. पण तो कानावर टेकतो आणि घट्ट धरतो, चष्म्यासकट तासभर घालून बघ म्हणजे मी का नको म्हणतो ते कळेल. मागून उघडे हेडफोन तर तुझ्या खोलीत नकोतच. त्यांची मोकळी, पसरलेली हवा अँबियंटला, म्हणजे संथ, पसरट संगीताला, सुंदर लागते, पण बहुतेकांचा ६० हर्ट्झच्या खालचा बास उतरत जातो, आणि शेजारी झोपलेल्या माणसाला सगळा ट्रॅक ऐकू जातो.

राजारामपुरीतल्या दुकानांत काही वेळा मोठे हेडफोन ऐकून बघायला देतात. गेलीस तर रविवारी जा. स्वतःची चार गाणी घेऊन जा, महिनोन्‌महिने ऐकलेली, दुकानदाराची नव्हे. एक असं की ज्यात किक आणि बासलाइन एकाच वेळी खाली असतात. एक भरगच्च, ड्रम अँड बासचं. एक जवळजवळ रिकामं. एक माणसाच्या आवाजाचं, कारण गळा कसा असतो हे कान जन्मापासून ओळखतो आणि त्यात खोट लगेच पकडतो. दोन हेडफोन तोलताना दोन्हींचा आवाज सारखा करून घे. जो थोडासा मोठा वाजतो तो नेहमीच चांगला वाटतो, मीसुद्धा यात अनेकदा फसलो आहे.

आता आजी. त्यांना सूर सापडत नाही यात त्यांची चूक नाही, त्यांना ऐकू येते ती फक्त तुझ्या बड्समधून गळणारी ‘टिक-टिक’. पण ज्यांनी देवल क्लबात बसून गाणं ऐकलंय त्यांना तानपुऱ्याची जवारी माहीत आहे. एकच तार, पण घोडीवरचा धागा जरासा सरकवला की तिच्यातून एकेक उपसूर फुलत वर येतो. रोलँडच्या टीबी-३०३ या १९८१ च्या बास सिंथेसायझरच्या पेटीचं फिल्टर हळूहळू उघडताना बरंचसं तेच होतं, सूर तोच राहतो आणि त्याच्या आतला उजेड बदलतो. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच केलं. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. त्यांनी ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर समोर मांडले आणि नाचाच्या ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड केले. शिकागोत ३०३ वरून ‘ॲसिड’ नावाचा प्रकार जन्मला त्याच्या काही वर्षं आधी. तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही. २०१० मध्ये ते रेकॉर्डिंग पुन्हा निघालं आणि जगभरचे टेक्नोवाले थक्क झाले.

नवे इन-इअर आले की ते रेकॉर्डिंग शोध. त्यात भैरवी आहे, यमन आहे. आजींना दुपारी, जेवणानंतर, पंख्याखाली बसव. सगळ्यात लहान टिप लाव, आवाज निम्म्याच्याही खाली ठेव, डावं-उजवं नीट बघून घाल. आधी यमन लाव. राग कोणता ते सांगू नकोस, त्यांनाच ओळखू दे.

तुझा,
साउंडवाले काका